हेडमास्तरांची शिस्त आणि मराठवाड्याचे पाणी

मराठवाड्याने महाराष्ट्राला आजवर चार मुख्यमंत्री दिले : शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील-निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. हे चौघेही नांदेड व लातूर या दोनच जिल्ह्यांच्या राजकारणातून वर आले. याच दोन जिल्ह्यांनी देशाला शंकरराव चव्हाण आणि शिवराज पाटील-चाकूरकर असे दोन गृहमंत्री दिले, आणि लोकसभेचे अध्यक्षपदही लातूरच्या वाट्याला आले. पदांची बेरीज करून एखाद्या प्रदेशाचा उत्कर्ष मोजता आला असता, तर नांदेड आणि लातूर ही आज महाराष्ट्राची नंदनवने ठरली असती. प्रत्यक्षात एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचे पाणी आणावे लागले; त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती दंगा होऊ नये म्हणून तेथे जमावबंदीचे कलम लावण्याची पाळी प्रशासनावर आली. ज्या शहराने मुख्यमंत्री, गृहमंत्री आणि सभापती दिले, त्या शहरात पाण्याच्या घागरीवर पोलीस पहारा बसावा, ही विसंगती साधी नाही.

या विसंगतीची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. एक, निसर्गच अवकृपेचा. पाऊस पडत नाही त्याला पुढारी काय करणार? दुसरे, पश्चिम महाराष्ट्राच्या साखरसम्राटांनी वरच्या अंगाला पाणी अडवले. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण ती पुरी नाहीत. तिसरे उत्तर देण्याचे सारेच टाळतात, कारण ते घरातल्या माणसाकडे बोट दाखवते. मराठवाड्याच्या या कर्तबगार पुढाऱ्यांजवळ जी सत्ता होती ती मुळात कोणाची होती, ती कोणी दिली आणि कोणी काढून घेतली, हा तो प्रश्न. त्याचा विचार करताना एखाद्या सामान्य वकुबाच्या मंत्र्याची कारकीर्द तपासण्यात अर्थ नाही. तसे केल्यास दोष माणसाचा ठरवून मोकळे होता येते. तपासायची ती सर्वोत्तम माणसाची कारकीर्द. आणि मराठवाड्याच्या सत्ताधाऱ्यांत कर्तृत्व, अभ्यास आणि व्यक्तिगत सचोटी या तिन्ही कसोट्यांवर शंकरराव चव्हाणांच्या शेजारी बसवता येईल असा दुसरा पुरुष नाही, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केलेले आहे.

शंकररावांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी पैठणचा. हैदराबादेत त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने भाग घेतला. नांदेडच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात उपमंत्रिपद आणि १९६० साली संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर पाटबंधारे खाते, अशा पायऱ्या चढत हा मनुष्य वर गेला. घराण्याचे पाठबळ नाही, जातीच्या मेळाव्यात टाळ्या घेणारे वक्तृत्व नाही, पैशाची थैली नाही. जे होते ते फायलीवरचे प्रभुत्व आणि विषयाचा ध्यास. गोदावरीचे पाणी मराठवाड्याच्या शेतात आणायचे हा तो विषय. ऑक्टोबर १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले. तेव्हा मुख्यमंत्रिपदी शंकररावच होते. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ किलोमीटरचा. नांदेडजवळची विष्णुपुरीची उपसा सिंचन योजना, पैनगंगेवरचे इसापूर धरण, अशा अनेक कामांना त्यांच्या आग्रहाचे बळ लाभले. त्यांना 'आधुनिक भगीरथ' म्हणणारे अगदीच खोटे बोलत नाहीत. ज्या प्रदेशाला निजामी राजवटीने रेल्वेचा एक अरुंद फाटा आणि जमीनदारीचा जाच यांपलीकडे फारसे काही दिले नाही, त्या प्रदेशात एवढे पाणी अडवणे हे थोर काम होय. त्याचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु भगीरथाच्या कथेत एक गोष्ट आहे, जी गौरवग्रंथांतून वगळली जाते. भगीरथाने गंगा आणली ती तपाने आणि वराने. वर देणारा प्रसन्न असेल तोवरच त्या कथेला गती आहे. शंकररावांच्या सबंध राजकारणाची रचना हीच होती. त्यांनी जे मिळवले ते वराने मिळवले आणि वर देणारे दैवत दिल्लीत राहत होते.

फेब्रुवारी १९७५ मध्ये वसंतराव नाईकांच्या जागी शंकररावांना आणले गेले. या निवडीमागे एक पार्श्वभूमी होती, जी पुढे सोयीस्करपणे विसरली गेली. १९७४ साली मराठवाड्यात विद्यार्थ्यांनी विकासाचे आंदोलन पुकारले होते; वसमत येथे पोलिसांच्या गोळीबारात दोन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे मुक्तिसंग्रामातील तपस्वी या आंदोलनाच्या पाठीशी उभे राहिले. १९५६ साली मराठवाडा विनाअट महाराष्ट्रात आला, त्याचे फळ दुय्यम नागरिकत्व असेल तर ते चालणार नाही, असे तरुणांनी रस्त्यावर उतरून सांगितले. त्यानंतर वर्षाच्या आत मराठवाड्याला पहिला मुख्यमंत्री लाभला. खुर्ची दिल्लीने दिली हे खरेच. पण दिल्लीला ती द्यावीशी वाटली यात वसमतच्या रक्ताचा काहीच वाटा नव्हता, असे कोण म्हणेल? मात्र खुर्चीवर बसल्यानंतर शंकररावांनी कृतज्ञता कोणाशी ठेवली? आंदोलनाशी की श्रेष्ठींशी? याचे उत्तर चारच महिन्यांत मिळाले.

२५ जून १९७५ ला आणीबाणी पुकारली गेली. 'हेडमास्तर' ही पदवी शंकररावांना जनतेने आणि वृत्तपत्रांनी दिली ती त्यांच्या कडक शिस्तीमुळे. वेळेवर न येणारा कारकून, फाईल दडपणारा अधिकारी, टिपण न वाचता बैठकीस येणारा सचिव यांना त्यांचा धाक असे. सचिवालयाचे 'मंत्रालय' हे नामांतर त्यांच्याच कारकिर्दीतले. त्यामागचा विचार योग्य होता : राज्य सचिवांचे नव्हे, लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांचे असावे. पण मंत्री कोणाचा असावा, हा पुढचा प्रश्न हेडमास्तरांनी स्वतःला कधी विचारला नाही. ज्या वर्षी पाटीवर 'मंत्रालय' हा शब्द चढला त्याच वर्षी त्या इमारतीतून समाजवाद्यांना, शेतकरी कामगार पक्षाच्या कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि पत्रकारांना विनाचौकशी तुरुंगात ठेवणारी यंत्रणा चालत होती. येरवडा, नाशिक, ठाणे येथील कारागृहे राजबंद्यांनी भरली होती. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. असे विधेयक संमत करणारे हे देशातले पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा अमलात आला नाही, हे महाराष्ट्राचे सुदैव. त्यात मुख्यमंत्र्यांचे कर्तृत्व काही नाही. फुले-आगरकरांच्या आणि र. धों. कर्व्यांच्या महाराष्ट्रात कुटुंबनियोजन हा विवेकाचा विषय होता. तो पोलिसाच्या दांडक्याचा विषय करण्यास या अभ्यासू, सुशिक्षित, विधिज्ञ मुख्यमंत्र्याने हरकत घेतली नाही.

यात शंकररावांच्या शिस्तीचे खरे स्वरूप उघड होते. ती शिस्त खाली वाहणारी होती. वरच्या दिशेने जाताना तिचे रूपांतर आज्ञापालनात होई. कारकुनाला जाब विचारणारा हा करारी पुरुष पंतप्रधानांना जाब विचारू शकत नव्हता, कारण त्याच्या सत्तेचे मूळ मतदारात नव्हते, नेमणुकीत होते. उताराचा नियम पाण्याला लागू आहे, तसा या शिस्तीलाही लागू होता. आणि मराठवाड्याच्या दृष्टीने दुर्दैव असे की, त्या प्रदेशाचे सारे प्रश्न चढावर होते : नाशिक-नगरच्या धरणांत, मुंबईच्या अर्थखात्यात, सिकंदराबादच्या रेल्वे कचेरीत आणि दिल्लीच्या नियोजन मंडळात.

१९७७ च्या मार्चमध्ये मतदारांनी निकाल दिला. महाराष्ट्रातील ४८ पैकी जेमतेम २० जागा काँग्रेसच्या हाती लागल्या. खुद्द नांदेडात, मुख्यमंत्र्यांच्या अंगणात, आणीबाणीत तुरुंग भोगलेले शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव धोंडगे लोकसभेवर निवडून आले. ज्यांनी गावात कालवा आणला त्यांनाही नांदेडच्या शेतकऱ्याने सांगितले की, पाण्याच्या बदल्यात स्वातंत्र्य गहाण पडत नाही. या मतदाराइतका करारी हेडमास्तर महाराष्ट्राने पाहिला नसेल. दिल्लीचा हिशेब मात्र निराळा होता. पराभवाचे खापर मुख्यमंत्र्यावर फोडून मे १९७७ मध्ये शंकररावांना घरी पाठवण्यात आले आणि वसंतदादा पाटील आले. ज्यांच्या आज्ञा पाळल्या त्यांच्याच पापाचे प्रायश्चित्त घ्यावे लागले, अशी ही शोकांतिका आहे. पण तिच्यातून बोध घेतला गेला नाही.

पुढील तीन वर्षांचा प्रवास निष्ठावंतांनी सांगावा. शंकररावांनी महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस काढली. 'समाजवादी' हा शब्द आपल्या राजकारणात किती स्वस्त झाला याचा हा एक दाखला. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात ते मंत्री झाले, म्हणजे आणीबाणीत ज्यांच्या पक्षांना तुरुंगात डांबले त्यांच्याच मंत्र्यांच्या मांडीला मांडी लावून बसले. जनता पक्षाच्या धुरीणांनीही तेव्हा मागचा हिशेब विचारला नाही. बहुमताच्या आकड्यांपुढे तत्त्वांची स्मरणशक्ती किती तोकडी पडते याचा धडा त्या पक्षानेही गिरवायला हवा होता. त्याच सरकारच्या काळात, २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत एकमताने झाला आणि त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांचा त्यात बळी गेला. एकमताच्या ठरावाची अंमलबजावणी व्हायला जानेवारी १९९४ उजाडला. सोळा वर्षांच्या या दिरंगाईचे खापर एकट्या शंकररावांवर फोडणे अन्यायाचे होईल. त्यात सर्व पक्ष सहभागी आहेत. पण फाईल सोळा दिवस अडली तर अधिकाऱ्याची झडती घेणाऱ्या मंत्र्याच्या प्रदेशात विधिमंडळाचा एकमुखी ठराव सोळा वर्षे अडून राहतो, याची नोंद घ्यावीच लागेल. गावातल्या प्रबळ जातींपुढे शिस्त चालवणे हे कारकुनापुढे चालवण्याइतके सोपे नसते.

जानेवारी १९८० मध्ये वारे पालटले आणि शंकरराव इंदिरा काँग्रेसतर्फे नांदेडचे खासदार झाले. मग शिक्षण, नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद, संरक्षण, गृह अशी एकाहून एक मोठी पदे आली. याच काळात वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला. मराठवाड्याचा अनुशेष ७५० कोटींहून अधिक निघाला. राज्य स्थापन होऊन चोवीस वर्षे झाली होती. त्यातली बरीचशी वर्षे मराठवाड्याचा सर्वात कर्तबगार माणूस राज्याच्या किंवा केंद्राच्या मंत्रिमंडळात होता. व्यक्तीच्या उन्नतीचा आलेख आणि प्रदेशाच्या अनुशेषाचा आलेख हे दोन्ही एकाच वेळी चढत राहू शकतात, ही गोष्ट दांडेकर समितीने न बोलता सिद्ध केली.

मार्च १९८६ मध्ये निलंगेकर पायउतार झाले आणि केंद्रीय गृहमंत्री असलेल्या शंकररावांना राजीव गांधींनी मुख्यमंत्री म्हणून मुंबईला धाडले. लातूरकडून नांदेडकडे खुर्ची आली, ती दोन्ही वेळा दिल्लीच्या हातून. ही दुसरी कारकीर्द शंकररावांच्या आयुष्यातील सर्वात मोलाची म्हणावी लागेल. शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग त्यांनी केला. आणि याच कारकिर्दीत त्यांनी आठमाही पाणीवाटपाचा आग्रह धरला. कालव्याचे पाणी बारमाही पिकांना, म्हणजे व्यवहारात उसाला, न देता खरीप आणि रब्बी अशा आठ महिन्यांच्या पिकांना द्यावे. तेच पाणी अधिक गावांत, अधिक शेतकऱ्यांत, अधिक कोरडवाहू जमिनीवर पसरावे, असा त्याचा अर्थ. हे धोरण शब्दशः समाजवादी होते. मूठभर बागायतदारांच्या उसात मुरणारे पाणी ज्वारी, कापूस आणि भुईमूग पिकवणाऱ्यांच्या शेतात नेण्याचा हा विचार होता. दुष्काळी महाराष्ट्राच्या संदर्भात गेल्या अर्धशतकात याहून अधिक न्याय्य धोरण एखाद्या मुख्यमंत्र्याने मांडल्याचे उदाहरण सापडणे कठीण.

मग त्याचे काय झाले? डिसेंबर १९८६ मध्ये शरद पवार औरंगाबादेत राजीव गांधींच्या उपस्थितीत काँग्रेसमध्ये परतले. जून १९८८ मध्ये शंकररावांना दिल्लीला बोलावून अर्थमंत्री करण्यात आले आणि पवार मुख्यमंत्री झाले. आठमाहीचे धोरण कागदावर राहिले. ऊस शेतात राहिला. धोरणाच्या बाजूने एक मोर्चा निघाला नाही, एका तालुक्यात बंद झाला नाही. कसा होणार? ज्यांच्या हिताचे ते धोरण होते त्या कोरडवाहू शेतकऱ्याला, शेतमजुराला, कालव्याच्या शेपटाकडील गावांना त्याच्या रक्षणासाठी कधी संघटित केलेच नव्हते. हेडमास्तरांनी वर्गाला उत्तर सांगितले, पण वर्गाला प्रश्न विचारायला शिकवले नाही. हेडमास्तरांची बदली झाली आणि फळा पुसला गेला.

याच्या शेजारी महाराष्ट्राचीच दुसरी एक योजना ठेवून पाहावी. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी राहिली. दुष्काळी कामांवरच्या मजुरांचे मोर्चे, डाव्या आणि समाजवादी पक्षांचा दबाव आणि वि. स. पागे यांच्यासारख्यांची निष्ठा यांतून तिला कायद्याचे रूप आले; २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. त्यानंतर किती मुख्यमंत्री आले आणि गेले! भ्रष्टाचार झाला, खोटी हजेरीपत्रके निघाली, मजुरी थकली. तरी कायदा टिकला, आणि २००५ साली देशाच्या रोजगार हमी कायद्याला त्याचाच आधार मिळाला. कारण तो मंत्र्याचा वर नव्हता, मजुराचा हक्क होता. मागण्याचा अधिकार ज्याच्या हाती त्याच्या हातीच योजना टिकते. दोन्ही कल्पना एकाच राज्यातल्या, दोन्ही दुष्काळातून जन्मलेल्या; एक खुर्चीबरोबर गेली, दुसरी खुर्च्यांना पुरून उरली. शंकररावांच्या कारकिर्दीचा सारा अर्थ या तुलनेत आहे.

१९९१ साली नरसिंह रावांच्या मंत्रिमंडळात शंकरराव पुन्हा गृहमंत्री झाले. पंतप्रधान आणि गृहमंत्री दोघेही हैदराबाद संस्थानच्या मुक्तिलढ्याच्या पिढीतले. रझाकारांचा धर्मांध धुमाकूळ ज्या पिढीने अनुभवला, तिला धर्माच्या नावावरची झुंडशाही काय असते हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तरीही ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद दिवसाढवळ्या पाडली गेली आणि देशाचे गृहखाते पाहत राहिले. तत्कालीन गृहसचिव माधव गोडबोले यांनी पुढे आत्मकथनात लिहिले की, उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावून ती वास्तू केंद्राच्या ताब्यात घेण्याची तपशीलवार योजना गृहखात्याने आधीच तयार केली होती. म्हणजे गृहपाठ पूर्ण होता. हेडमास्तरांच्या खात्यात तो नेहमीच पूर्ण असे. पण वरून हुकूम आला नाही आणि हुकमाशिवाय पाऊल टाकण्याची सवय नव्हती. संविधानाची शपथ आणि पंतप्रधानांची मर्जी यांतून एक निवडण्याची घटका आयुष्यात एकदाच येते. ती आली आणि गेली. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीत दंगली झाल्या, मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. गोडबोले मार्च १९९३ मध्ये सेवेतून बाहेर पडले. गृहमंत्री १९९६ पर्यंत पदावर राहिले. उशिरा येणाऱ्या कारकुनाकडून खुलासा मागणाऱ्या या पुरुषाने मशीद पडल्यावर राजीनामा दिला असता, तर त्याच्या शिस्तीला नैतिक तेज प्राप्त झाले असते.

लातूरच्या वाट्याला हाच धडा पुढे निराळ्या रूपाने आला. शिवराज पाटील-चाकूरकर सात वेळा लोकसभेवर निवडून गेले, सभापती झाले. २००४ मध्ये लातूरच्या मतदारांनी त्यांना पराभूत केले. तरी त्याच महिन्यात ते देशाचे गृहमंत्री झाले. मतदारांनी नाकारलेल्या माणसाला श्रेष्ठींनी देशाची सुरक्षा सोपवली. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर त्यांना जावे लागले, पाठोपाठ मुख्यमंत्री विलासराव देशमुख गेले आणि ८ डिसेंबर २००८ रोजी अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले. आठवड्याभरात लातूरच्या दोन खुर्च्या गेल्या आणि नांदेडला एक मिळाली. लातूरच्या किंवा नांदेडच्या एकाही माणसाला यात मत विचारले गेले नाही. पटावरची प्यादी हलतात तशी माणसे हलली. प्रदेश आपल्या जागी राहिला, कोरडा.

शंकररावांचे निधन २६ फेब्रुवारी २००४ रोजी झाले. त्यांच्या वारशाचे काय झाले हे पाहणे त्यांच्या भक्तांना अवघड जाईल. ज्याने आठमाहीचा आग्रह धरला त्याच्याच वडिलांच्या नावाचा साखर कारखाना नांदेड जिल्ह्यात धुराडे उंच करून उभा आहे. लातूरच्या मांजरा खोऱ्यात कारखान्यांची रांग लागली आणि मांजरा धरण कोरडे पडल्यावर रेल्वे आली. पश्चिम महाराष्ट्राच्या साखरसम्राटांना शिव्या देत मराठवाड्याच्या पुढाऱ्यांनी तीच सम्राटपदे आपल्या घरी स्थापन केली. पुत्र अशोक चव्हाण यांना 'आदर्श' प्रकरणात नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले आणि १३ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश करून राज्यसभा गाठली. ज्या पक्षाचे नेते ६ डिसेंबरला अयोध्येच्या व्यासपीठावर होते, त्या पक्षात त्या दिवशीच्या गृहमंत्र्यांचा मुलगा गेला याचे आश्चर्य कशाला करावे? सत्ता जिथे असेल तिथे जावे, कारण सत्तेवाचून प्रदेशाचे भले होत नाही, हा सिद्धांत १९७८ आणि १९८० सालीच घरात मांडला गेला होता. मुलाने तो पाठ केला, इतकेच.

आणि शिस्तीचा वारसा? नांदेडच्या विष्णुपुरीत शंकररावांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस तेथे चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांतली १२ नवजात अर्भके होती. औषधांचा तुटवडा, मनुष्यबळाची कमतरता, दूरच्या तालुक्यांतून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या गोरगरिबांचा भार यांची चर्चा झाली. त्यावर सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराने काय केले? रुग्णालयाच्या अधिष्ठात्याच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले आणि त्याचे चित्रण सर्वत्र फिरले. औषधखरेदी कोणी रखडवली, पदे कोणी रिक्त ठेवली, हे मुंबईत विचारायचे प्रश्न होते. ते विचारले गेले नाहीत. शंकररावांनी असला बीभत्स प्रकार कधी केला नसता, कारण त्यांच्याजवळ सभ्यता होती. पण खाली शिस्त आणि वर आज्ञापालन ही रीत सभ्यतेच्या हातून निसटली की तिचे शेवटी असेच रूप होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. दिल्लीची मर्जी राखली नसती तर जायकवाडी तरी झाली असती का? नांदेडच्या वकिलाने बंडाचा झेंडा उभारला असता तर तो आयुष्यभर विरोधी बाकावर बसला असता आणि गोदावरी तशीच वाहून गेली असती. असे म्हणणारे अनेक आहेत. त्यांना उत्तर हे की, धरण बांधणे आणि धरणातल्या पाण्यावर हक्क असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जायकवाडी बांधून झाली. वरच्या अंगाला धरणांमागून धरणे उभी राहिली आणि नाथसागराचा तळ वारंवार उघडा पडला. त्या पाण्यात वाटा मिळाला तो मंत्र्यांमुळे नव्हे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आले, मराठवाड्यातील संस्था आणि कार्यकर्ते वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरे झिजवत राहिले, मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये सूत्र आखून दिले, प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूरला पाण्याची रेल्वे येत होती. म्हणजे चार मुख्यमंत्र्यांनी जे दिले नाही ते कायद्याचे एक कलम आणि चिकाटीचे काही नागरिक यांनी निदान कागदावर तरी आणले. ते कागदावरून कालव्यात उतरवण्याचे काम अजून बाकी आहे आणि ते कोणत्याही मंत्र्याच्या कृपेने होणारे नाही.

मराठवाड्याच्या जनतेला हे कळत नाही असे नाही. नांदेडने १९७७ मध्ये केशवराव धोंडगे यांना निवडले. १९८९ मध्ये, शंकरराव देशाचे अर्थमंत्री असताना, याच मतदारसंघाने जनता दलाच्या डॉ. व्यंकटेश काब्दे यांना लोकसभेत पाठवले. २०२४ मध्ये अशोक चव्हाण सत्तापक्षात गेल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत तेथील मतदारांनी त्यांच्या नव्या पक्षाच्या उमेदवाराला हरवले. तीन पिढ्यांच्या मतदारांनी तीनदा सांगितले की, नांदेड ही कोणाची वतनदारी नाही. उणीव आहे ती एवढीच की, हा करारीपणा पाच वर्षांतून एकदा प्रकटतो आणि मग पुढाऱ्यांच्या हवाली होतो. तो कालव्याच्या प्रत्येक दारावर, पाणीवापर संस्थेच्या प्रत्येक बैठकीत, ग्रामसभेत आणि सरकारी रुग्णालयाच्या औषधखोलीत रोज हजर असायला हवा.

शंकररावांचा खरा आदर करायचा तर त्यांचे पुतळे उभारून भागणार नाही. त्यांचे आठमाहीचे धोरण धुळीतून उचलून कायद्याचा हक्क म्हणून मागावे लागेल. आणि ते मागताना पहिला मोर्चा नाशिक-नगरवर नव्हे, नांदेड आणि लातूरच्या कारखान्यांवर न्यावा लागेल. त्या मोर्चाच्या अग्रभागी कालव्याच्या शेपटाकडचा कोरडवाहू शेतकरी आणि ऊसतोड मजूर असेल तर भगीरथाची गरज उरणार नाही. तपाने आणि वराने आलेले पाणी वर देणाऱ्याबरोबर जाते. हक्काने आलेले पाणी हक्क सांगणाऱ्यांच्या शिवारात राहते.